जिनिव्हा, ३० जून १९३६ : हैले सेलासी नेमकं काय मागायला गेले होते?

तळटीप (धागाकर्ता)

युद्धात सापडलेल्या देशाचा प्रमुख परक्या सभागृहात उभा राहून मदत मागतो, तेव्हा त्याच्या भाषणाचं यश आपण दोनच गोष्टींवर मोजतो. टाळ्या किती पडल्या आणि नंतर शस्त्रं, पैसे किती मिळाले. झेलेन्स्कींच्या दौऱ्यांवर जिकडेतिकडे चाललेल्या चर्चा वाचताना हेच दिसतं. या मापाने इथिओपियाचे सम्राट हैले सेलासी यांचं राष्ट्रसंघातलं (संयुक्त राष्ट्रांच्या आधीची तशीच संघटना) भाषण म्हणजे भोपळा. टाळ्यांच्या जागी शिट्ट्या, मदत एका पैची नाही. तरीही चर्चिलच्या १९४१ च्या वॉशिंग्टनमधल्या भाषणापेक्षा मला ते मोठं वाटतं. का, ते सांगतो. जरा लांबण लागेल.

पार्श्वभूमी थोडक्यात. इथिओपिया (आपल्याकडच्या जुन्या लिखाणात अबिसिनिया) १९२३ पासून राष्ट्रसंघाचा सदस्य. आफ्रिकेच्या वाटणीत युरोपियनांच्या हाती न लागलेल्या मोजक्या देशांपैकी एक. १८९६ मध्ये आडवाच्या लढाईत सम्राट मेनेलिक दुसरा याने इटलीला सपाटून मार दिला होता आणि मुसोलिनीला तो डाग धुवायचा होता. डिसेंबर १९३४ मध्ये वालवाल इथे झालेली चकमक निमित्ताला पुरली. ३ ऑक्टोबर १९३५ ला युद्ध न पुकारताच इटालियन फौजा मारेब नदी ओलांडून आत शिरल्या.

राष्ट्रसंघाने काहीच केलं नाही असं समजलं जातं, ते खरं नाही. इटलीला आठवड्याभरात आक्रमक ठरवलं गेलं आणि १८ नोव्हेंबरपासून आर्थिक निर्बंधही लागू झाले. गोम पुढे आहे. तेल, कोळसा आणि पोलाद निर्बंधांच्या यादीत नव्हतं, आणि सुएझ कालवा इटालियन जहाजांना उघडा होता. गावगुंडाचा किराणा बंद करायचा आणि त्याच्या गाडीत पेट्रोल मात्र भरत राहायचं, तसला प्रकार. त्यात डिसेंबरमध्ये ब्रिटिश परराष्ट्रमंत्री सॅम्युअल होर आणि फ्रेंच पंतप्रधान पिएर लाव्हाल यांनी इथिओपियाचा मोठा लचका इटलीला देऊन टाकायची गुप्त योजना आखली. ती पॅरिसच्या वर्तमानपत्रांत फुटली आणि होर यांना घरी जावं लागलं. हेच होर सप्टेंबरमध्ये जिनिव्हाच्या व्यासपीठावरून सामूहिक सुरक्षिततेच्या आणाभाका घेऊन गेले होते.

रणांगणावर तोवर मस्टर्ड वायू आला होता. १९२५ च्या जिनिव्हा कराराने विषारी वायूंवर बंदी होती आणि त्या करारावर इटलीची सही होती. ३१ मार्च १९३६ ला मायचौची लढाई हरल्यावर इथिओपियाची संघटित फौज जवळपास संपली. २ मे रोजी सम्राट रेल्वेने जिबूतीकडे निघाले. ५ मे रोजी इटालियन फौज आदिस अबाबात शिरली आणि ९ मे रोजी मुसोलिनीने साम्राज्य स्थापन झाल्याचं जाहीर करून आपल्या राजाला, तिसऱ्या व्हिक्टर इमॅन्युएलला, ‘इथिओपियाचा सम्राट’ करून टाकलं. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा.

जूनअखेर राष्ट्रसंघाची सभा भरली ती अर्जेंटिनाच्या मागणीवरून. पण सगळ्यांना खरी घाई होती ती निर्बंध उठवण्याची. नेव्हिल चेंबरलेन तेव्हा ब्रिटनचे अर्थमंत्री. निर्बंध चालू ठेवणं म्हणजे ऐन उन्हाळ्यातला वेडेपणा, असं ते १० जूनलाच जाहीरपणे बोलून बसले होते. म्हणजे निकाल आधीच लागलेला, आणि हैले सेलासींनाही तो माहीत होता. राजधानी गेलेली, सैन्य विखुरलेलं, स्वतः निर्वासित. अशा माणसाने जायचंच कशाला?

बेल्जियमचे पॉल व्हान झीलांड अध्यक्षस्थानी होते. त्यांनी सम्राटांना बोलावलं आणि पत्रकारांच्या सज्जातून शिट्ट्या, आरडाओरडा, शिव्या सुरू झाल्या. ते इटालियन पत्रकार होते आणि शिट्ट्या सोबत घेऊनच आलेले होते. रुमानियाचे प्रतिनिधी तितुलेस्कू उठून फ्रेंचमध्ये ओरडले, “या रानटी लोकांना बाहेर काढा!” पोलिसांनी त्यांना बाहेर नेईपर्यंत सम्राट व्यासपीठावर नुसते उभे होते. फ्रेंच त्यांना उत्तम येत होतं. तरी ते अम्हारिकमध्ये बोलले.

पहिलंच वाक्य असं : “मी, हैले सेलासी पहिला, इथिओपियाचा सम्राट, माझ्या जनतेला जो न्याय मिळायला हवा तो, आणि आठ महिन्यांपूर्वी पन्नास राष्ट्रांनी आक्रमण झाल्याचं मान्य केलं तेव्हा कबूल केलेली मदत, मागायला आज इथे आलो आहे.” रोममध्ये दुसरा ‘इथिओपियाचा सम्राट’ बसवून दोन महिनेही झालेले नसताना, जगातल्या सरकारांसमोर, अध्यक्षांनी दिलेल्या जागेवरून हे वाक्य उच्चारलं जातंय. शिट्ट्या कशाला फुंकल्या गेल्या ते इथे कळतं.

पुढचं भाषण मला एखाद्या निष्णात वकिलाच्या कैफियतीसारखं वाटतं. गळा काढणं फार कमी, नोंदी फार. वायूचं वर्णन घ्या. आधी पिंपं आणि बाँब टाकून पाहिले, ते फारसं साधेना, म्हणून विमानांना फवारणी यंत्रं बसवली. नऊ, पंधरा, अठरा विमानांचे जथे एकामागोमाग असे जात की धुक्याची सलग चादर तयार व्हावी. माणसं, गुरं, नद्या, तळी, कुरणं यांवर हा पाऊस पडत राहिला. मग आकडे : एका बाजूला चार कोटी वीस लाखांचा, कारखानदारी असलेला देश, दुसऱ्या बाजूला एक कोटी वीस लाखांचा, शस्त्रं नसलेला. आणि मग प्रत्येक मोडलेलं वचन. दुसऱ्यांच्या सैनिकांनी आमच्यासाठी रक्त सांडावं असं आम्ही कधीच म्हटलं नाही, शस्त्रं घ्यायला पैसे तेवढे मागितले, तेही नाकारले. जिबूतीची रेल्वे आमची शस्त्रं आणायला अडचणीची होती, आता तीच इटालियन फौजेला रसद पोचवते आहे. (या मुद्द्यावर फ्रेंच प्रतिनिधींचे चेहरे पाहायला हवे होते. जिबूती फ्रान्सच्या ताब्यात होतं.)

शेवट प्रश्नाने : “माझ्या जनतेकडे मी कोणतं उत्तर घेऊन जाऊ?”

उत्तर ४ जुलैला मिळालं. निर्बंध उठवायचं ठरलं, अंमल १५ जुलैपासून. एक कोटी पौंडांच्या कर्जाला हमी द्यावी हा इथिओपियाचा ठराव मताला टाकला गेला. बाजूने १, विरोधात २३, तटस्थ २५. बाजूचं एक मत इथिओपियाचं स्वतःचं.

माझा मुद्दा : ते मदत मिळवायला गेले असतील तर पूर्ण हरले. पण ते दावा जिवंत ठेवायला गेले होते असं धरलं, तर भाषणातलं वाक्य न् वाक्य जागेवर बसतं. त्यात सहानुभूतीची याचना नाही. कोणी काय केलं, कोणी काय कबूल केलं होतं आणि या देशाचा प्रमुख कोण आहे, या तीन गोष्टी त्यांनी दप्तरी लावून ठेवल्या. अमेरिका, सोव्हिएत संघ, चीन, मेक्सिको, न्यूझीलंड यांनी इटलीचा कब्जा कधीच मान्य केला नाही. आणि ४ फेब्रुवारी १९४१ ला ब्रिटिश परराष्ट्रमंत्री ईडन यांनी ब्रिटिश संसदेत सांगितलं की स्वतंत्र इथिओपिया पुन्हा उभा राहिला तर सरकार त्याचं स्वागत करेल आणि गादीवरचा हैले सेलासींचा दावा मान्य करेल. ‘दावा’ हाच मुद्दा. तो कोणीतरी सोडलेला नव्हता म्हणून तो मान्य करता आला.

आता तुटून पडा.

अवांतरराव

शिट्ट्यांचा भाग वाचून हसू आलं आणि लाज पण वाटली. सरकारी खर्चाने शिट्ट्या! आजचे ट्रोल त्या मानाने स्वस्तात काम करतात.

एक भर. त्याच अधिवेशनात ३ जुलैला श्टेफान लुक्स नावाच्या ज्यू पत्रकाराने भर सभागृहात स्वतःवर गोळी झाडून घेतली. जर्मनीत ज्यूंचं काय चाललंय याकडे जगाने बघावं म्हणून. म्हणजे आठवड्याभरात त्या लोकांना दोघांनी येऊन सांगितलं होतं.

कोरडेठाक

लेख चांगला आहे, निष्कर्ष पटला नाही.

१० जून १९४० ला मुसोलिनी हिटलरच्या बाजूने युद्धात उतरला. त्या दिवशी ब्रिटनसाठी हैले सेलासी अडगळीतून उपयोगाच्या वस्तूंत आले. महिन्याभरात ते विमानाने इजिप्तमार्गे सुदानमध्ये. मुसोलिनी स्पेनच्या फ्रँकोसारखा कडेला बसून राहिला असता तर सम्राट इंग्लंडमध्येच म्हातारे झाले असते आणि तुमचं ‘दप्तर’ वाळवीने खाल्लं असतं. १९३८ मध्ये ब्रिटनने इटलीचा कब्जा कायदेशीर म्हणून मान्य केलेला होता हे तुम्ही लेखात लिहिलं नाहीत. भाषणाने त्यांना थांबवलं का? नाही. ईडन यांचं निवेदन हा युद्धाचा डावपेच होता.

भाषणं निर्णय घडवत नाहीत. झालेल्या निर्णयाला कपडे चढवतात.

तळटीप

कोरडेठाक, १९३८ ची गोष्ट तुमच्यापेक्षा वाईट आहे. मे १९३८ मध्ये हैले सेलासी पुन्हा जिनिव्हाला गेले, आता राष्ट्रसंघाच्या परिषदेसमोर. तब्येत ठीक नव्हती, निवेदन त्यांच्या वतीने लोरेन्झो ताएझाझ यांनी वाचलं. कब्जाला मान्यता द्यायची की नाही हे ज्याने त्याने ठरवावं असा एकंदर सूर निघाला आणि ब्रिटनचा रस्ता मोकळा झाला. या खेपेला शिट्ट्याही नव्हत्या, कारण इटली तोवर राष्ट्रसंघ सोडून गेला होता.

युद्धाने संधी दिली हे शंभर टक्के मान्य. पण संधी कुणाला? १९४१ मध्ये ब्रिटिश लष्करी प्रशासनाने इथिओपियाला ‘शत्रूकडून घेतलेला प्रदेश’ म्हणूनच वागवायला सुरुवात केली होती. तिथे एक सम्राट, पाच वर्षं दावा न सोडलेला, बसलेला नसता तर ब्रिटनचा इथिओपियाशी झालेला १९४२ चा करार कोणाशी झाला असता? इटलीच्याच एरिट्रिया आणि सोमालियाकडे बघा. ते प्रदेश ब्रिटिश प्रशासनात राहिले आणि त्यांचं भवितव्य पुढे दुसऱ्यांनी ठरवलं.

उंबरठ्यावरची

मला दोघांच्या मधलं बोलायचंय. भाषण कुणासमोर आहे यावर बरंच ठरतं ना?

चर्चिल २६ डिसेंबर १९४१ ला अमेरिकी काँग्रेससमोर उभे राहिले तेव्हा पर्ल हार्बर होऊन तीन आठवडेही झाले नव्हते. उधार-उसनवारीचा लेंड-लीज कायदा तर मार्चमध्येच झालेला. म्हणजे मागायचं असं फार उरलं नव्हतं, आपलंसं करून घ्यायचं होतं. म्हणून सुरुवातच ठेवणीतली : माझे वडील अमेरिकन आणि आई ब्रिटिश असती, म्हणजे आहे त्याच्या उलट असतं, तर मी इथे स्वतःच्या बळावरही पोचलो असतो. सभागृह खिशात. त्याच मुक्कामात रात्री व्हाइट हाउसमध्ये खिडकी उघडताना त्यांना छातीत दुखलं आणि डॉक्टरांनी ती गोष्ट दाबून ठेवली, हा भाग वेगळा.

झेलेन्स्कींनी हे तंत्र पार पुढे नेलं. मार्च २०२२ मध्ये पडद्यावरून ब्रिटिश संसदेशी बोलताना चर्चिलची आठवण, अमेरिकी काँग्रेसपुढे पर्ल हार्बर आणि ११ सप्टेंबर, जर्मन संसदेपुढे बर्लिनची भिंत. ज्याच्या त्याच्या घरातली जखम हुडकून त्यावर बोट ठेवायचं. २१ डिसेंबर २०२२ ला स्वतः वॉशिंग्टनला गेले तेव्हा लष्करी हिरवा पेहराव, बाखमुतच्या सैनिकांनी सह्या केलेला झेंडा, आणि ते वाक्य : तुमचा पैसा म्हणजे दानधर्म नाही, जागतिक सुरक्षेतली आणि लोकशाहीतली गुंतवणूक आहे. अमेरिकन माणसाला ‘गुंतवणूक’ लगेच कळते.

हैले सेलासींनी श्रोत्यांना असं काहीच दिलं नाही. त्यांच्या घरातली जखम शोधली नाही, उलट त्यांच्याच सह्या त्यांच्यासमोर धरल्या. ते बरोबर होते, पण ज्याच्याकडे मागायचं त्याला अपराधी वाटायला लावलं की तो तोंड फिरवतो. एरवी घरातही हेच होतं.

कोरडेठाक

उंबरठ्यावरची, तुमच्याच उदाहरणाचं पुढचं पान बघा. तोच माणूस, तेच वक्तृत्व, डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा वॉशिंग्टनला गेला आणि जवळपास रिकाम्या हाताने परतला. सुमारे ६१ अब्ज डॉलरचं विधेयक पुढे एप्रिल २०२४ मध्ये मंजूर झालं, तेही रिपब्लिकन पक्षातलं आतलं गणित सुटल्यावर. आणि २८ फेब्रुवारी २०२५ ला त्याच व्हाइट हाउसमध्ये कॅमेऱ्यांसमोर काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. आभार मानलेत का, असं विचारलं गेलं. भाषणकला तीच होती, घरमालक बदलला.

गॅलरीतून

तुम्ही सगळे ते प्रसिद्ध वाक्य विसरलात. “आज आमची पाळी आहे, उद्या तुमची.” किती खरं ठरलं! तीन वर्षांत पोलंड, चार वर्षांत फ्रान्स.

तळटीप

गॅलरीतून, ते वाक्य भाषणाच्या अधिकृत मजकुरात नाही. व्यासपीठावरून उतरताना ते पुटपुटले असं सांगितलं जातं. भाषणात जे आहे ते मला जास्त टोकदार वाटतं : प्रश्न फक्त इथिओपियाचा नाही, लहान राष्ट्रांना दिलेल्या वचनांची किंमत काय याचा आहे, आणि “देव आणि इतिहास तुमचा निकाल लक्षात ठेवतील.”

उंबरठ्यावरची, तुमचा मुद्दा बिनतोड आहे, पण त्यांना जखम शोधायची सोय कुठे होती? चर्चिल आणि झेलेन्स्की एका देशाच्या लोकप्रतिनिधींशी बोलले. इथे समोर पन्नास सरकारांचे वकील. त्यांना जोडणारी एकच गोष्ट होती, राष्ट्रसंघाचा करारनामा. म्हणून तोच धरला.

ब्रिस्टलचा_पाऊस

मी बाथपासून जवळच राहतो. सम्राट हद्दपारीत जिथे राहिले ते फेअरफिल्ड हाउस तिथे आहे. बाथचं नाव घेतलं की लोकांना रोमन स्नानगृहं आठवतात, हे घर कुणाला माहीत नसतं. १९३६ ते १९४० ते इथे होते, आणि १९५८ मध्ये त्यांनी घर शहराला देऊन टाकलं, म्हाताऱ्या माणसांच्या उपयोगासाठी. आमच्या मराठी मंडळाच्या लोकांना एकदा घेऊन गेलो होतो. अर्ध्यांना इंग्लंडात आफ्रिकेचा राजा राहत होता हेच नवीन होतं, उरलेल्या अर्ध्यांना चहा कुठे मिळेल याची चिंता.

एक निरीक्षण. घर चांगलं ऐसपैस आहे, पण महाल नाही. मायदेशी परतायची काही आशा नसताना तिथे बसून पत्रं लिहीत राहणं हे जिनिव्हाच्या भाषणापेक्षा अवघड असणार.

जंजिऱ्याचा_पाहुणा

सम्राटाची फारच आरती चाललीये म्हणून थोडं मीठ.

१) इथिओपियात तेव्हा गुलामगिरी चालू होती. इटलीने त्याचा प्रचारात भरपूर वापर केला. आक्रमणाचं ते समर्थन होऊ शकत नाही, पण खोटंही नव्हतं.
२) लहान राष्ट्रांच्या हक्कांवर जिनिव्हात बोलणाऱ्या याच सम्राटाने १९६२ मध्ये एरिट्रियाची स्वायत्तता मोडून तो प्रदेश गिळला. तिथलं युद्ध त्यांच्या मरणानंतरही चालू होतं.
३) वोलो प्रांतातला १९७३ चा दुष्काळ त्यांच्या सरकारने झाकला. १९७४ मध्ये लष्कराने गादीवरून उतरवलं तेव्हा रडणारे फार नव्हते.

अवांतर : मलिक अंबर त्याच हबसाणातला (म्हणजे अबिसिनियातला). गुलाम म्हणून विकला गेलेला तो मुलगा दख्खनेत येऊन निजामशाही चालवतो, आणि तिथला सम्राट तीन शतकांनी जिनिव्हात उभा राहून पाठिंबा मागतो. आमच्या मुरुडकडे सिद्दींच्या गोष्टी ऐकत वाढलेल्याला या देशाचं कौतुक असणारच, पण कौतुक डोळे उघडे ठेवून.

तळटीप

तिन्ही मुद्दे मान्य. एरिट्रियाचा तर फारच बोचतो. १९५० च्या दशकात तिथल्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे तक्रारी केल्या, त्यांनाही उत्तर मिळालं नाही.

खडकीबाजार

आता आमच्या पुण्याचं ऐका. कोरडेठाक म्हणतात तसं सम्राटाला युद्धाने परत नेलं, पण युद्ध लढलं कोण? एरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरांवर फेब्रुवारी-मार्च १९४१ मध्ये जी घनघोर लढाई झाली, त्यात चौथी आणि पाचवी भारतीय डिव्हिजन होती. मराठा लाइट इन्फन्ट्रीची पलटण तिथे होती. त्याआधी मेतेम्माच्या वाटेवरचे सुरुंग काढणारे सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंग भगत आमच्या खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचे. सलग चार दिवस, दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत, सुरुंग निकामी करत पुढे जात राहिले. गाडी दोनदा उडाली, कानाचा पडदा फाटला, तरी बदली माणूस घ्यायला नकार. दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले ते पहिले भारतीय अधिकारी.

आणि खडकवासल्याला एनडीएची (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) मुख्य इमारत ‘सुदान ब्लॉक’ का म्हणवते? पूर्व आफ्रिकेच्या मोहिमेत भारतीय सैनिकांनी सुदानचं रक्षण केलं म्हणून सुदान सरकारने एक लाख पौंड दिले होते. फाळणीनंतर त्यातले सत्तर हजार भारताच्या वाट्याला आले, ते त्या इमारतीला लागले. सिंहगडावर जाताना लांबून तो घुमट दिसतो, तेव्हा पोरांना हे सांगत जा.

जिनिव्हात पन्नास राष्ट्रं जे करू शकली नाहीत ते स्वतः गुलाम असलेल्या देशातल्या शेतकऱ्यांच्या पोरांनी केलं. सम्राट ५ मे १९४१ ला आदिस अबाबात परतले. इटालियन तिथे शिरले त्याला बरोबर पाच वर्षं झाली त्या दिवशी. तारीख मुद्दाम धरली होती.

उंबरठ्यावरची

खडकीबाजार, जबरदस्त प्रतिसाद. सुदान ब्लॉकचं माहीत नव्हतं, आणि माझा चुलतभाऊ तिथे तीन वर्षं होता!

यात अजून एक भर. नेहरू मार्च १९३६ मध्ये युरोपातून परतताना रोममध्ये थांबले होते. कमला नेहरू नुकत्याच गेल्या होत्या. मुसोलिनीला भेटायचा आग्रह झाला, तो त्यांनी ठाम नाकारला, कारण त्या भेटीचा अबिसिनियाच्या युद्धात प्रचारासाठी वापर होईल. मे महिन्यात काँग्रेसने इकडे अबिसिनिया दिनही पाळला. हाती काही सत्ता नसताना भूमिका घेणं सोपं असतं असं कोरडेठाक म्हणतील.

कोरडेठाक

म्हणणारच होतो. सत्ता हाती आल्यावर काय होतं ते २ मार्च २०२२ ला बघा. युक्रेनवरच्या आक्रमणाचा निषेध करणारा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत आला. बाजूने १४१, विरोधात ५, तटस्थ ३५. त्या ३५ मध्ये आपण. १९३६ च्या त्या २५ तटस्थांकडे बोट दाखवायचा आपल्याला काय अधिकार?

गॅलरीतून

त्या २ मार्चला माझी भाची खारकीवमधल्या तळघरात होती. सोलापूरची पोरगी, एमबीबीएसला गेलेली. आदल्याच दिवशी तिथे एक भारतीय विद्यार्थी मारला गेला होता. वीस हजारांच्या आसपास पोरं अडकली होती आणि बाहेर काढायला रशिया आणि युक्रेन दोघांच्याही मिनतवाऱ्या कराव्या लागत होत्या. तटस्थ राहिलो म्हणून मला शून्य लाज वाटते. पोरगी पोलंडमार्गे घरी आली.

तळटीप

गॅलरीतून, भाची सुखरूप आली हे वाचून बरं वाटलं. तुमच्या जागी मीही तेच म्हटलं असतं. फक्त १९३६ च्या तटस्थांची पोरं कुठल्या तळघरात नव्हती. त्यांना एका कर्जाच्या हमीवर मत द्यायचं होतं.

जंजिऱ्याचा_पाहुणा

कोरडेठाक, ती २ मार्चची यादी शेवटपर्यंत वाचलीत का? विरोधात मत देणाऱ्या पाचांत एरिट्रिया होता. आणि इथिओपियाने मतदानच केलं नाही. बाजूने नाही, विरोधात नाही, तटस्थही नाही.

कोरडेठाक

वाचली होती. तुम्हीच काढाल म्हणून थांबलो होतो.

संपादक

धागा उत्तम चालला आहे, पण गाडी हळूहळू परराष्ट्र धोरणाकडे वळते आहे. २०२२ च्या मतदानावर बोलायचं असेल तर कृपया वेगळा धागा काढा. इथे १९३६ वरच बोलू या.

अवांतरराव

संपादक, वेगळ्या धाग्याला विरोधात २३ आणि तटस्थ २५ पडतील. माझं एक मत बाजूने धरा.